फसलेल्यानं चहा पाजायचा

कॉलेजच्या फायली एका कपाटात मावतात, आमच्या स्टाफरूममधले किस्से मावत नाहीत. त्यात सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आल्यापासून तर विचारूच नका. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं आमचं कॉलेज. शिकवणारे आम्ही बावीस जण, एकसे एक शहाणे!

सुरुवात इंग्रजीच्या भोसले मॅडमनी केली. 'आज रात्री तुमची वीज तोडणार' असा त्यांना इंग्रजीत मेसेज आला. मेसेजमध्ये सात चुका. मॅडमना राहवेना. सगळ्या दुरुस्त करून त्यांनी मेसेज परत पाठवला! पलीकडून उत्तर आलं, "थँक्यू मॅडम. लिंकमध्ये पण चुका असतील, जरा बघता का?"

मॅडमनी बघितल्या. चार हजार गेले.

"पण मुलगा नम्र होता हो!" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच सगळ्यांना चहा पाजला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. शेवटी त्याही हसल्या.

तिथून प्रथाच पडली. आमचे शिपाई दत्तूआबा, त्यांनी दर ठरवला. "थोडक्यात गेलं तर चहा. पगाराच्या आत गेलं तर वडापाव. त्याच्या वर गेलं तर जेवण. पर जेवणाची पाळी कुणावर न येवो."

नियम एकच. हसायचं पोटभर, पण "एवढंही कळलं नाही का?" असं जो विचारील, पुढचा चहा त्याचा.

वडापाव दिला माळेगावच्या जगताप सरांनी. शिकवतात बँकिंग! फोन आला, "सर, ओळखलं का?" आता 'नाही ओळखलं' असं कुठला मास्तर म्हणेल? सर म्हणाले, "अरे, शेवटच्या बाकावरचा ना तू?"

"व्हय सर! वडील दवाखान्यात हायेत."

सरांनी लगेच पैसे पाठवले. पुढच्या आठवड्यात शेवटच्या बाकावरच्या खऱ्या मुलाचा फोन आला, तर सरांनी त्याला ब्लॉक केलं. तो बिचारा लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला. सरांनी आधी त्याचं आधार कार्ड बघितलं, मग पाणी दिलं.

मग प्राचार्यांनी व्याख्यान ठेवलं, 'ऑनलाइन फसवणूक आणि भावनिक खंबीरपणा'. पाहुणे छान बोलले. शेवटी अभिप्रायासाठी क्यूआर कोड दाखवला. एकानंही स्कॅन केला नाही! प्राचार्य चिडले, पाहुणे मात्र खूश झाले.

त्या व्याख्यानाला फिजिक्सचे साळवे सर आले नव्हते. कळस गावचे, एरवी स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्यानं हसणारे. दिवाळीनंतर त्यांनी स्टाफरूममध्ये येणंच सोडलं. तास संपला की लॅबमध्ये जाऊन बसायचे. एक दिवस त्यांच्या मिसेसचा मला फोन आला. "ताई, हे जेवत नाहीत, बोलत नाहीत. फोन वाजला की दचकतात. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या ड्रेसमधल्या माणसानं दोन दिवस बसवून ठेवलं होतं यांना. कुणाला सांगू नकोस म्हणालेत हे मला. मला भीती वाटते हो."

मलाही वाटली. आबांना सांगितलं, तेवढंच. आबा रोज अकरा वाजता लॅबच्या दारात चहा ठेवायचे आणि बाराला गार झालेला कप परत आणायचे. विचारायचे काही नाहीत. असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी कप रिकामा आला. आबांनी तो मला लांबूनच दाखवला. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी अकराला साळवे सर स्टाफरूमच्या दारात उभे. आबांनी सवयीनं किटली उचलली.

"चहा राहू द्या, आबा," सर म्हणाले. "आचारी बघा."

कुणीच हसलं नाही. भोसले मॅडमनी खुर्ची पुढं सरकवली. आबांनी किटली खाली ठेवली आणि हळूच विचारलं,

"शाकाहारी का मटण?"

सर खुर्चीत बसले.

"मटण," म्हणाले. "पहिल्यापासून सांगतो."