पुढच्या डाव्या चाकातला आवाज

गाडी चालवायला मी केस पिकल्यावर शिकले, आणि तेही हौसेने नाही. माझा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. सगळी उमर घाट चढवण्या-उतरवण्यात गेली, आणि निवृत्त होऊन घरची छोटी गाडी घेतली तर वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जीभ जड झाली. गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी. मी म्हटलं, उभी कशाला राहील? मी आहे ना!

शिकवलं त्यांनीच. शेजारच्या सीटवर बसून, डाव्या हाताने खुणा करत, अर्धे शब्द गिळत. चुकले की "अगो!" एवढंच. त्या "अगो"चे चार-पाच प्रकार होते आणि मला सगळे कळायचे. शाबासकीचा प्रकार मात्र त्यात नव्हता.

आमचं घर कट्टा गावच्या बाजारापासून थोडं आत. तिथून कसालला मी त्यांना व्यायामाला नेते, आठवड्यातून तीनदा. रिक्षात त्यांचा पाय दुमडत नाही, आणि एसटीचं नाव काढायची सोय नाही. "माका धरून चढवतले?" असं म्हणून तोंड फिरवतात. ज्या गाडीत उभा जन्म ड्रायव्हरच्या दारातून चढले, तिच्यात कंडक्टरने बखोटीला धरून चढवलेलं त्यांना सोसणार नाही. म्हणजे आमची गाडी बंद तर कसाल बंद, आणि कसाल बंद तर त्यांचं जे काही परत येतंय तेही बंद. कसालची व्यायाम घेणारी मुलगी मला बाजूला घेऊन सांगायची, "काकी, काका पायऱ्या उतरू शकतात. पायात ताकद आहे. पण मनातून भीती जात नाही." घरी पडवीतून खळ्यात उतरायच्या तीन पायऱ्या आहेत. मी दंडाला धरल्याशिवाय ते त्या कधी उतरले नव्हते.

तर त्या दिवशी कसालहून परत येताना एका वळणावर रेडकू आडवं आलं. झाडीतून सुटलं ते थेट बॉनेटसमोर. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी किंचाळली, मागचं पिशवीतलं सामान पुढे आलं, आणि आम्ही रेडकाच्या शेपटीपाशी थांबलो. ते शहाणं माझ्याकडे बघत रवंथ करत होतं. "शिरा पडो तुझ्या तोंडार!" असं मी त्याला काच खाली करून सुनावलं.

नवरा काही बोलला नाही. "अगो"सुद्धा नाही. मी काच उघडीच ठेवली होती, घरापर्यंत रस्ता शांत, आणि माझ्या शेजारी हा माणूसही शांत. मला त्याचा राग आला. चुकले असेन तर बोला, नसेन तर तेही बोला! घरी पोचल्यावर त्यांना आत बसवलं, आणि संध्याकाळी मी विहिरीवरचा पंप बघायला माडांत गेले. मुद्दाम वेळ लावला. रुसले होते मी, खरं सांगायचं तर.

सकाळी गाडी बाहेर काढली आणि आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... खर्र. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. गाडी हळू तर आवाज हळू, गाडी जोरात तर तोही जोरात. रेडकाची बातमी लागलेली वाडीतली चार माणसं गडग्याच्या दगडी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. आपल्याकडे गाडीचा आवाज आला की डॉक्टर व्हायला कुणाला वेळ लागत नाही. एकाने ब्रेक गेले म्हटलं, दुसऱ्याने डिस्क वाकडी झाली म्हटलं, "असो ब्रेक मारल्यार आणखी काय होतला!" मी पडवीकडे बघितलं. नवरा खांबाला धरून उभा होता. त्याने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "बेरिंग." आणि मग, "गाडी... इक."

गाडी विक! इतरांचं मी मनावर घेतलं नसतं. पण ह्यांनी म्हणावं? म्हणजे ज्याने शिकवलं त्याचाच माझ्यावर विश्वास नाही. त्याच सकाळी मुंबईहून मुलाचा फोन आला, वडिलांचं त्यालाही सांगून झालं होतं. "आई, पुरे आता. नांदगावला माझ्या ओळखीचे एक जण आहेत, त्यांचा नंबर पाठवतो, रविवारी गाडी बघायला येतील. तुम्ही दोघं इकडेच या." मी म्हटलं, "रविवार यायचाय अजून," आणि फोन ठेवला. त्याच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात लिफ्ट आहे, एकही पायरी नाही. एकदा तिकडे गेले की ह्यांचा पाय आहे तिथेच राहील हे मला उमजत होतं. ते काही मी होऊ देणार नव्हते.

कट्ट्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडीला हातही न लावता कान टवकारले आणि बेरिंगच ठरवलं. सामान कोल्हापूरहून येणार, गाडी आठवडाभर सोडून जा म्हणाला. म्हटलं, "आधी चाक तरी खोल." तर म्हणे, "काकी, गर्दी आसा." बरं. मी गाडी घेऊन निघाले. आवाज नुसता घासण्याचा, स्टीअरिंग हातात सरळ, ब्रेक नेहमीसारखा लागतोय, म्हणून हळूहळू, कडेकडेने निघाले. शिकवलेलं सगळं आठवून बघितलं. माझ्या मास्तरानेच मला सांगितलं होतं की बेरिंग गेलं की ते घोंघावतं, आणि वळणावर भार पडला की वाढतं. मी रिकाम्या शाळेच्या मैदानात गाडी आधी उजवीकडे गोल फिरवली, मग डावीकडे. आवाज तोच. वाढला नाही, कमी झाला नाही. म्हणजे बेरिंग नाही. मास्तर चुकले!

मग ब्रेक हलका दाबून बघितला. पॅड घासत असतील तर दाबल्यावर सूर बदलेल. नाही बदलला. मैदानाच्या कडेला जरासा उतार आहे, तिथे कुणी नाही बघून इंजिन बंद केलं, न्यूट्रल केलं आणि गाडी नुसती सोडली. खर्र... खर्र. म्हणजे इंजिनाचंही काही नाही. शेवटी रिव्हर्स घेतला, आणि आवाज बारीक झाला, किणकिणला. मी गाडी थांबवली आणि मोठ्याने म्हटलं, "अडकलाय काय तरी!" एकटीच होते, तरी.

पण कुठे? काच उघडी ठेवून घरी आले, कान डाव्या बाजूला. पुढचं डावं चाक, शंकाच नाही. त्या चाकाची प्लॅस्टिकची टोपी पावसाळ्यात कुठे तरी गळून पडली होती, आतली भोकं उघडीच. आणि मग वाटेत मला दुसरं सुचलं, जे आधीच सुचायला हवं होतं. आदल्या दिवशी, ब्रेक मारल्यानंतर, काच उघडी ठेवून मी घरापर्यंत आले होते. आवाज नव्हता. कानात माझा राग होता, पण चाकात काही नव्हतं. म्हणजे जे काय झालं ते ब्रेकने झालं नव्हतं. ते माझ्या खळ्यात झालं होतं, उभ्या गाडीला.

घरी येताच पदर खोचला. जॅक काढला, मागच्या चाकांना दगड लावले. नवरा पडवीतल्या खुर्चीवर बसून बघत होता. "नको गो," म्हणाला. मी म्हटलं, "तुमी गप ऱ्हवा. आज मी आयकूचंय नाय." नट हाताने हलेनात, तेव्हा पान्यावर पाय देऊन उभी राहिले. ब्रेकवर उभी राहू शकते तर पान्यावर का नाही? करकर करत एकेक नट सुटला. मग गाडी उचलली, चाक ओढून काढलं आणि पाटावर बसले, मोबाइलचा उजेड आत पाडून.

डिस्कच्या मागे पत्र्याचं पातळ झाकण असतं. त्या दोघांच्या फटीत काहीतरी काळपट बसलं होतं. वाटलं चिऱ्याचा खडा असेल. लांब स्क्रूड्रायव्हर घालून जरा हलवलं, जरा शिव्या दिल्या, जरा परत हलवलं, आणि ते टक्कन माझ्या मांडीवर पडलं. खडा नव्हता. करवंटीचा तुकडा होता. एका बाजूने डिस्कने घासून घासून चकचकीत केलेला, दुसऱ्या बाजूला अजून चिमूटभर खोबरं.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. सकाळी कुत्रा खळ्यात खोबरं चघळताना दिसला होता, मी त्याला हाकललं होतं. आणि ह्यांची काठी, जी रोज खुर्चीच्या दांडीला अडकवलेली असते, ती पायऱ्यांच्या खाली, तुळशीच्या कट्ट्याला टेकलेली होती. मी ती उचलून जागेवर ठेवली होती आणि पुढच्या कामाला लागले होते.

आमच्याकडे गाडी मोठ्या अपघातातून वाचली की चाकासमोर नारळ फोडायची पद्धत. देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने मागणं मागायचं, आणि नारळ फोडायचा. एसटीत असताना हे घाटात करायचे, मला ठाऊक होतं. पण नारळ दगडावर आपटायला उजवा हात लागतो. डाव्या हाताने नेम कसला लागणार? रिमवरच आपटला असेल, उभ्या उभ्या, फेकल्यासारखा, आणि तुकडे उडाले ते भोकातून आत गेले.

"नारळ कोणी फोडलो?" मी विचारलं. ते तोंड फिरवून माडांकडे बघत बसले.

"मी काय विचारतंय? तुमी खळ्यात कशे उतरलास?"

जड जिभेने एकेक शब्द ओढत, "उतरलंय. तू पंपार गेललंस तेवा."

तीन पायऱ्या. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात काहीच नाही, कारण तो हातच नाही. काठी मग कुठे धरली होती? काखेत, म्हणाले, आणि वर येताना ती खालीच विसरून भिंतीला धरून चढले. राग कुठल्या कुठे गेला आणि तो गेल्यावर माझ्याकडे धरायला काही उरलं नाही. मी रडले, डिस्कची काळी भुकटी गालाला लागली तरी.

"मगे गाडी इकूक कित्याक सांगलास?"

"आवाज इलो ना सकाळी." "जीभ वळना नाय. गाऱ्हाणा नीट घालूक नाय जमला. व्हय म्हणूक कोण नाय. माका वाटला, देवान आयकूकच नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ब्रेक बरो मारलंस गो."

एवढ्या महिन्यांत ऐकलं नव्हतं ते आता ऐकलं, आणि मी चाकाच्या नटांमध्ये बसून होते.

मी चाक बसवलं, नट आवळले, गाडी खळ्यात पुढे-मागे केली. काही नाही. गाडी आपली गप्प. नांदगावच्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं, "रविवारी येऊ नका, आमची गाडी विकायची नाही." मुलाला नंतर सांगेन म्हटलं. मग हात धुतले, आत गेले, नारळ सोलून आणला आणि खळ्यात उभी राहिले.

"येवा," मी म्हटलं. मी पुढे गेले नाही. हातही दिला नाही. पाय जागेवर रोवून ठेवले.

ते उठले. काठी, मग पाय, मग काठी. पहिली पायरी. दुसरीवर थांबले, माझ्याकडे बघितलं, मी नारळ तसाच धरून होते. तिसरी. मग माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, धापा टाकत, आणि नारळ माझ्या हातातून घेतला. गाडीपासून लांब, पायरीच्या दगडापाशी, एवढी अक्कल आता आम्हाला आली होती.

गाऱ्हाण्यात एक जण सांगतो आणि बाकीचे होकार देतात. होकार नसला तर ते एकट्याचं पुटपुटणं. त्यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा..." पुढचे शब्द मोडके होते, काही नुसते श्वास होते. गाडी कळली, रस्ता कळला, रेडकू कळलं. मग एक वाक्य अगदी स्पष्ट आलं. "ह्या बायच्या हातात माजो जीव आसा. तिका सांभाळ."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मग वाटलं, कालच्या गाऱ्हाण्याचा होकार देवाने ऐकायचा राहिलाय, म्हणून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने परत म्हटलं.