डायनासोर आणि डबल बेल

डायनासोरांची जेवढी काळजी माझ्या बायकोच्या मामांनी केली, तेवढी खुद्द डायनासोरांनी स्वतःची केली असती तर ते आजही हयात असते. मामांच्या बोलण्यात हा प्राणी कधी शिरेल याचा नेम नाही. मेथी महाग झाली की मामा हळहळतात, "त्याईले त एका टायमाले अख्खं वावर लागत असन." गल्लीत नालीच्या कामाला जेसीबी आला आणि त्यानं मान उंच केली, की मामा ओट्यावरून हाक मारतात, "या जवाईबुवा, पाहा! अस्साच होता. फकस्त हा डिझेल खाते, तो मानसं खाये." एकदा तर जेसीबीवाल्याला त्यांनी मान डावीकडे वळवून दाखवायला लावली. त्यानंही बिचाऱ्यानं वळवली, आणि त्या नादात शेजाऱ्यांच्या जास्वंदीची फांदी गेली.

मामा मूळचे धामणगाव बढ्याचे. एस.टी.त ड्रायव्हर म्हणून लागले, बदल्या होत होत देऊळगाव राजाला आले आणि निवृत्तीनंतर तिथंच घर बांधून राहिले. नोकरी सुटली, पण नोकरीतली एक सवय मात्र मामांना सोडायला तयार नाही. कंडक्टरनं एकदा बेल मारली की गाडी थांबवायची आणि दोनदा मारली की सोडायची, हा नियम मामांच्या रक्तात इतका मुरला आहे, की डबल बेल मिळाल्याशिवाय ते कुठूनच हलत नाहीत. जेवण झालं तरी पाटावर बसून राहतात. मामी ताटावर वाटीनं दोनदा टण् टण् वाजवतात, मग मामा हात धुवायला उठतात. न्हाव्याकडे दाढी झाली तरी खुर्चीत तसेच, मागे गिऱ्हाईक ताटकळलेलं. न्हाव्याला ठाऊक आहे, तो वस्तऱ्याच्या डबीवर कंगवा दोनदा आपटतो. फोनवर बोलणं संपलं, दोन्हीकडून जयभीम झालं, तरी मामा फोन ठेवत नाहीत. आपण मोबाइलवर नखानं टक टक करायचं, तेव्हा पलीकडून समाधानाचा हुंकार येतो आणि फोन बंद होतो. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना तपासायच्या टेबलावर झोपवलं आणि "झालं" म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळले. मामा छताकडे बघत पडून राहिले. पुढचा पेशंट आत येऊन उभा राहिला, तरी मामा तसेच. शेवटी बाहेरून मामी आल्या, त्यांनी लोखंडी टेबलावर बांगडी दोनदा वाजवली आणि मामा टुणकन उठले. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या.

मामांची दुसरी खोड याहून अवघड. आपल्याकडे निरोप घेताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. मामा हे शब्दशः धरतात. घरी आलेला पाहुणा चपला घालत "येतो हं" म्हणाला, की मामा गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "कव्हा?" पाहुणा गडबडतो. "नाही, म्हणजे निघतो आता." "हाव, पन येतो म्हनलं नं तुमी. किती वाजता?" विम्याचा एक एजंट असाच "येतो" म्हणून गेला आणि आला नाही, तेव्हा मामांनी संध्याकाळपर्यंत त्याच्यासाठी चहाचं आधण उतरू दिलं नव्हतं. "आलोच" या शब्दाचा तर मामांना मनस्वी राग आहे. कुणी "आलोच" म्हणालं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागते.

डायनासोरांचं आणि या 'येतो'चं मूळ एका सिनेमात आहे. मामा-मामींचं लग्न नवं होतं. गावातल्या टॉकीजला हिंदीत बोलणारा एक इंग्रजी सिनेमा लागला होता: एक बेट, बेटावर अजून जिवंत राहिलेले डायनासोर आणि त्यांचा अभ्यास करायला गेलेली शास्त्रज्ञ मंडळी. दोघं दुपारच्या खेळाला गेले. त्या मंडळींना बेटावर फिरवायला एक पिवळी बस होती आणि बसला टोपीवाला एक जाडगेला ड्रायव्हर होता. मामांना पडद्यावर तेवढा एकच माणूस आपला वाटला. क्लच दाबायची त्याची ढब पाहूनच "शिकलेला गडी हाय" असं त्यांनी अंधारात मामींना सांगितलं होतं. जंगलाच्या तोंडाशी बस थांबली, सगळी साहेब मंडळी उतरली, आणि त्यांचा म्होरक्या ड्रायव्हरला म्हणाला, "तुम यहीं रुको, हम अभी आते हैं." झाडीच्या वर एक भलंमोठं डोकं उगवलं, ड्रायव्हरनं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि इंटरव्हल झाली.

इंटरव्हलला मामा उठले. मुळात तेवढाच सिनेमा त्यांच्या वाट्याला होता, कारण त्या दिवशी त्यांच्याकडे बीबी गावची मुक्कामी गाडी होती आणि सिनेमासाठी गाडी लेट करणाऱ्यांतले मामा नव्हेत. मामीही उठल्या. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, पदरात फुटाणे घेऊन, त्याही बीबीला गेल्या. दोघं परत आले तोवर टॉकीजला दुसरा सिनेमा लागलेला होता. पुढं ते टॉकीजही बंद पडलं, आणि आता तिथं खताचं गोडाऊन आहे. थोडक्यात, तो पिवळ्या बसचा ड्रायव्हर त्या दुपारपासून थांबलेला आहे, आणि त्याच्यासोबत आमचे मामाही.

उरलेला सिनेमा मामांनी स्वतःच तयार केला. एक नाही, कैक केले. चहाच्या टपरीवर, रसवंतीवर, सुतकाच्या घरी दिवस जाता जात नाही तेव्हा, मामा शेवट सांगतात आणि दरवेळी तो ड्रायव्हर वेगळ्या रीतीनं वाचतो. एका शेवटात तो डायनासोरासमोर आपला डबा उघडतो. त्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा असतो. डायनासोर ठेचा चाटतो आणि आग आग करत समुद्राकडे पळतो. "आन् समुद्राचं पानी खारं! पेते आन् आखीन बोंबलते, पेते आन् बोंबलते. तिथंच खलास." दुसऱ्या शेवटात ड्रायव्हर नुसता रिव्हर्स गिअर टाकतो आणि आपल्या एस.टी.सारखा काळा धूर सोडतो, त्यात प्राण्याला काही दिसेनासं होतं. या शेवटाला एकदा कोणीतरी शंका काढली, की तिकडच्या गाड्या धूर सोडत नाहीत. मामा म्हणाले, "ड्रायव्हरच्या हातात असते ते."

डायनासोर मेले कसे, याबद्दलही मामांचं मत पक्कं आहे. आभाळातून धोंडा पडून मेले म्हणतात ना, मग तो धोंडा आपलाच. लोणारचं सरोवर त्याच धोंड्यानं झालं, म्हणजे डायनासोर मारण्याचा मान आपल्या जिल्ह्याकडे जातो, आणि सरकारनं याची दखल घ्यायला पाहिजे. शेजारच्या गुरुजींनी समजावलं, की अहो, डायनासोर आधीच संपले होते, लोणारचा दगड त्यानंतर फार फार काळानं पडला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुर्जी, गाडी कदीमदी लेट होत नाई का?"

एका सुट्टीत मी सगळ्यांना माझ्या गाडीतून खडकपूर्णा धरणावर नेलं. पाण्याच्या मधोमध एक टेकाड बुडायचं राहिलं आहे, त्यावर बाभळी आहेत, बगळे आहेत. मी सहज म्हणालो, "मामा, हे पाहा तुमचं बेट." झालं! मामा गाडीतून उतरेनात. उलट माझ्याकडून चावी मागून घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, आणि आम्ही भरीत-भाकरी खाईपर्यंत सुरू गाडीत, त्या टेकाडावर नजर ठेवून बसून राहिले. बायको म्हणाली, "मामा, खाली या ना, जेवून घ्या." मामा म्हणाले, "तुमी जेवा. गाडीत कोनीतरी पाह्यजे." माझं अर्धी टाकी पेट्रोल बगळ्यांच्या धाकानं जळालं. मामींनी मात्र ताट वाढलं आणि खिडकीतून आत दिलं.

ते पाहून मला आमचं लग्न आठवलं. त्रिसरण-पंचशील झालं, फुलं उधळली गेली, पंगती बसल्या, आणि वधूचे मामाच कुठं दिसेनात. शोधाशोध झाली. मामा मांडवाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या आमच्या वऱ्हाडाच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेटवर बसले होते. दोघांच्या मांडीवर ताटं होती. मला पाहून म्हणाले, "जवाईबुवा, लग्नात समदे उतरतात. म्हनतात, तुमी बसा, ताट घेऊन आलोच. मंग वाजा वाजते, फोटो निंगतात, आन् ड्रायव्हरचं ताट कोनाच्याच ध्यानात राह्यत नाई. मी लय लग्नाईच्या भाईर उपाशी बसेल हाय." असं म्हणून हसले आणि ड्रायव्हरला जिलबीचा आग्रह करू लागले. मी तेव्हा नवरदेव होतो, नवरदेवाला दुसऱ्याचं दुःख कळत नाही. हसून परत मांडवात गेलो.

आणि ते न कळल्यामुळेच परवा मी नको तो उद्योग केला. बायकोला तो सिनेमा मोबाइलवर सापडला. देऊळगावला गेल्यावर मी मोठ्या ऐटीत तो मामांच्या टीव्हीला जोडला आणि जाहीर केलं, की आज मामांना शेवट दाखवणार. मामा चपापले. "राहू द्या नं, जवाईबुवा. पाह्यल्यासारखाच हाय." मामी स्वयंपाकघरातून लगबगीनं आल्या. "आता लाईट जाते," त्या म्हणाल्या. लाईट गेली नाही. "माही सिरेल हाय," त्या म्हणाल्या. दुपारी मामी कधीच सिरियल पाहत नाहीत. पण जावयाचा शब्द मोडायचा नाही या एका शिष्टाचारापुढं दोघांचाही इलाज चालला नाही. मामी मूग निवडायचं ताट आणि वाटी घेऊन मामांच्या मागे येऊन बसल्या.

पिवळी बस आली. मामा खुर्चीत पुढं सरकले. साहेब मंडळी उतरली, म्होरक्यानं आपलं ते "अभी आते हैं" म्हटलं, झाडीवर डोकं उगवलं, आणि मामांनी आपल्या खुर्चीचे हात स्टिअरिंगसारखे धरले. त्यानंतर सिनेमा बसकडे पुन्हा फिरकलाच नाही. शास्त्रज्ञ पळाले, पडले, गुहेत लपले, एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. डायनासोर आपापसात लढले. मामांचं कशातच लक्ष नव्हतं. दर थोड्या वेळानं ते विचारत, "गाडीकडं जाऊन राह्यले का आता?" मी म्हणे, "जातील हो, मामा." शेवटी समुद्रकिनाऱ्यावर हेलिकॉप्टर आलं. वाचलेली माणसं धावत चढली, दार लागलं आणि हेलिकॉप्टर उठलं. मामा उभे राहिले. "आवो, वर काऊन जाऊन राह्यले हे? खाली ड्रायव्हर हाय नं!" ते टीव्हीला म्हणाले. खाली बेट लहान होत चाललं होतं. मामा पडद्याला नाक लावून त्यात पिवळा ठिपका शोधत होते. "त्याले म्हनलं होतं नं, येतो म्हून..." मामांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. माझा हात रिमोटकडे गेला, पण आता बंद करूनही काय उपयोग होता? मला स्वतःचा भयंकर राग आला.

तेवढ्यात मामींनी वाटी उचलली आणि ताटावर दोनदा वाजवली. टण् टण्.

मूग सगळ्या खोलीत उडाले. मामांचा डावा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला, हात नसलेल्या गिअरकडे गेला. क्षणभर तसेच उभे राहून ते हळूच खुर्चीत बसले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "भेटली बेल," मामा म्हणाले. "सुटला गडी."

"हाव. कवाच सुटला," मामी मूग गोळा करत म्हणाल्या.

"तरीच वरून दिसला नाई. झाडीच्या आतून रस्ता असन."

बेटावरून सुटलेली बस चहूबाजूंच्या पाण्यातून जाणार कुठं, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी तो चहाबरोबर गिळला.

नंतर मी स्वयंपाकघरात कप ठेवायला गेलो, तेव्हा मामी हळूच म्हणाल्या, "मी पाह्यला होता हा सिनेमा. लय वर्सं झाले. बहिनीच्या घरी, टीव्हीवर."

"मग मामांना कधी सांगितलं का नाही?"

"काय सांगू? त्याले खाल्ला असता त सांगतलं असतं. मानूस एक दिवस हळहळते आन् मोकया होते. पन याले त कोनी खाल्लंबी नाई. इसरूनच गेले. हे ड्रायव्हर मानसाले कसं सांगावं?" असं म्हणून त्यांनी मूग पाण्यात घातले. मामांचे ते ठेच्याचे, धुराचे शेवट इतकी वर्षं त्या कशा ऐकत आल्या असतील, ते मला तेव्हा कळलं, आणि या बाईबद्दल मला फार माया वाटली.

निघताना मी सवयीनं म्हणालो, "येतो, मामा." आणि "कव्हा?" या प्रश्नाला दिवाळीचं उत्तर तयार ठेवलं. पण मामांनी ते विचारलंच नाही. ते वाकून गाडीच्या आत पाहत होते, पुढच्या सीटवर, मग मागच्या सीटवर.

"समदे बसले नं?" त्यांनी विचारलं. "कोनी राह्यलं नाई नं?"

"नाही, मामा. सगळे आहेत."

मामा बाजूला झाले. मामींनी टपावर दोन थापा मारल्या आणि मगच मी गाडी हलवली.