तपासणीचं पाणी

पळस्प्याजवळच्या आमच्या सोसायटीत बोअरवेल आणि सेप्टिक टँक यांच्यात अंतर मोजून बारा पावलं. मी स्वतः चालून मोजलंय. उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरत नाही, म्हणून गच्चीवरच्या टाकीत बोअरचंच पाणी चढवतात. सेप्टिक टँक उपसा, तडे गेलेत का ते तरी बघा, असं मी कमिटीला सांगून सांगून थकले. कमिटीने गेट रंगवलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

घरात आणखी वेगळी तऱ्हा. सासरे आपटा गावचे. "जमिनीसारका फिल्टर नाय," असं म्हणून त्यांनी घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवू दिलं नाही. रोजची हुज्जत नको म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

मग माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता? मी तडक सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "रिपोर्ट आणा मॅडम, मग बघू."

लॅबमधून बाटली आणली. ती भरायच्या सकाळीच लेकीला उलट्या सुरू झाल्या, म्हणून मी सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, बोअरच्या नळाचं पाणी एवढं भरून ठेवा." त्यांनी भरून, पुसून, झाकण घट्ट लावून बाटली हातात दिली. मी ती पोचवली.

रिपोर्ट आला : पिण्यायोग्य. सेक्रेटरींनी तो चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून नोटीस बोर्डावर लावला. घरी येऊन मी नुसती तणतणत होते, तर सासरे शांतपणे म्हणाले, "चांगलाच येनार होता. उकळून, चौपदरी फडक्यातून गाळून दिलं मी."

मी कपाळावर हात मारला. "का, बाबा?"

"परक्याच्या हातात कच्चं पानी द्यायचं? लोक काय म्हनतील?"

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडले, अगदी शेजारी ऐकतील इतकी. ते नातीच्या उशाशी जाऊन बसले.

दुसरी बाटली मी स्वतः भरली. त्या पाण्यात मैल्यातले जंतू निघाले. तो रिपोर्ट घेऊन मी मीटिंगला गेले, तर सेक्रेटरी म्हणतात, "एक चांगला, एक वाईट. आपण पहिला धरू."

न बोलावता माझ्यामागून आलेले सासरे शेवटच्या खुर्चीवरून उठले. पहिलं पाणी आपण उकळून दिल्याचं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. दोघंतिघं हसले. सेक्रेटरींनी विचारलं, "पण काका, उकळलंत कशाला?"

"बाहेरच्याला द्यायचं म्हनून उकळलं," सासरे म्हणाले. "नातीला रोज कच्चंच पाजलं."