ओळंब्याचं टोक

वहिनींचा फोन आला तेव्हा मी भाईंदर पश्चिमेला आमच्या घरी दाढी करत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "बिल्डिंग?" त्या म्हणाल्या, "बिल्डिंग आहे. हेच गेले. झोपेत." दीड महिना झाला, तो प्रश्न माझा मला ऐकू येतोय. सदा गेला हे कळल्यावर मी असं का विचारलं, ते आज सांगून टाकतो.

सदा आणि मी परळच्या एकाच चाळीतले. मी आधी भाईंदरला आलो, दोन हजार साली त्याने मीरा रोडला शांती नगरात चौथ्या मजल्यावर घर घेतलं. वास्तुशांतीच्या जेवणात तिसऱ्या जिलबीनंतर मला बोलायला जागा मिळाली, आणि मला जागा मिळाली की काय होतं हे माझ्या ओळखीचे सगळे जाणतात. म्हटलं, इथे खाली सगळी मिठागरं, इमारती वर्षाला बोटभर खचतात. एकाने दुसरा मजला घेतला होता, तो आता गॅलरीतून थेट रिक्षात बसतो. पंगत खो खो हसली. सदाने मात्र घास खाली ठेवला.

त्यानंतर त्या घरात सगळं वजनावर ठरू लागलं. लोखंडी कपाट अर्धं रिकामं. हळदीकुंकवाला बायका चार-चारच्या तुकड्यांनी. लेकीच्या दोरीउड्या बंद. गणपतीच्या आरतीला तर मी पाय आपटला म्हणून त्याने माझा खांदा असा धरला की मी आठ दिवस शर्ट घालू शकलो नाही! मला गंमत वाटायची. मग एक दिवस वहिनी फोनवर रडल्या. घर विकून परळला भावाच्या खोलीत जायचं म्हणतात, लेक दहावीला, एजंट दोनदा येऊन गेला.

तेव्हा मात्र माझी तंतरली. खरं सांगायचं ठरवून गेलो, जिने चढताना शब्द जुळवले. दार उघडलं तर सदा जमिनीवर गुडघे टेकून बसलेला. झोपाळ्याच्या हुकाला त्याने गवंड्यांचा ओळंबा टांगला होता, दोरीला लोखंडी भोवरा, आणि टोकाखाली लादीवर पेन्सिलीची फुली. "खचायच्या आधी कलेल ना," तो म्हणाला. "तीन महिने बघतो. एजंटला थांबवलंय." मग हळूच विचारलं, "दिन्या, तो रिक्षात बसणारा माणूस तू बघितलास की ऐकलास?"

मी म्हणालो, "ऐकला."

तिथेही खोटंच.

"मग ऐकलेल्यावर घर विकायचं नाही," तो म्हणाला. तीन महिन्यांत टोक हललं नाही, घर राहिलं. पुढे तो मुलीला बाहेरगावी शिकायला पाठवताना, स्वतःचं ऑपरेशन ठरवताना, आधी मोठ्याने विचारायचा, बघितलं की ऐकलं? भीती गेली का, असं मी एकदा विचारलं होतं. "जाते कसली. घरात राहू दे, पण कागदावर सही तिची नको." आणि रोज चहाआधी तो गुडघे टेकायचाच. सात वर्षं. त्या प्रत्येक सकाळी तो जो श्वास धरायचा, तो मी धरायला लावला होता...

तेराव्यानंतर वहिनींना सगळं सांगितलं. तो माणूस नव्हताच, मीच रचला होता. त्या चहा गाळत होत्या, गाळत राहिल्या. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "दर रविवारी येऊन बघत जा, भावजी. माझे गुडघे वाकत नाहीत."

तेव्हापासून जातो. गोष्ट खोटी आहे हे जगात माझ्याइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नाही. तरी चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत पाऊल वाजू देत नाही. लादीवर वाकतो, दोरी स्थिर होईपर्यंत थांबतो. आतून वहिनी विचारतात, "आहे ना जागेवर?" आणि टोक फुलीवर नीट दिसेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.