पहिलं पान मावशीचं

पद्मामावशी मेल्याची बातमी पद्मामावशीला बाबलीने दिली, तीही तिच्याच दारात उभं राहून.

बाबली म्हणजे दोडामार्गचा जुना ट्रक ड्रायव्हर. डिचोलीच्या खाणींवरून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिजाच्या ट्रिपा मारण्यात त्याची तीस वर्षं गेली, आणि त्या तीस वर्षांतलं दुपारचं जेवण मावशीच्या खाणावळीत झालं. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक विकले गेले, माणसं पांगली. त्या दिवशी तो कसल्याशा कामाला डिचोलीत आला होता. मावशीच्या घराला निदान हात तरी जोडून जावं म्हणून गल्लीत वळला, तर मावशी पायरीवर बसून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलते आहे. बाबलीचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"मावशे, तू जिती?"

"नाय, मेलंय. तुझ्यासाठी सुंगटां सोलूक परत इलंय. बस थंय."

तो बसला, पाणी प्याला, आणि मग सगळं सांगितलं. मावशीचा भाचा कृष्णनाथ याने पेडण्याहून हरमलला जाणाऱ्या रस्त्यावर मोठं हॉटेल काढलं आहे. नाव 'मावशीची खाणावळ'. आत भिंतीवर मावशीचा हा एवढा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार, पुढे समई आणि खाली अक्षरं, कैलासवासी पद्मावती मावशी.

"कृष्णनाथान स्वतः सांगितल्यान माका. शेवटाक माझ्या मांडयेर डोकां ठेवून गेली म्हणालो. डोळ्यांत पाणी होतां त्याच्या. मी पण रडलंय मगे."

"कधी गेलंय मी?"

"दोन वर्सां झाली म्हणालो."

मावशीने हातातलं सुंगट ताटलीत ठेवलं. दोन वर्षं. दर चवथीला, गणपतीत, तिचे ड्रायव्हर यायचे. कोणी पेडण्याहून, कोणी वाळपईहून, कोणी पार सावंतवाडीहून. कोणाच्या हातात तवशी-काकड्या, कोणाच्या डब्यात नेवऱ्या-करंज्या. खाणावळ बंद झाली तरी येणं बंद झालं नव्हतं. गेल्या दोन चवथींना मात्र कुत्रं फिरकलं नाही. मावशी सकाळपासून चुलीवर चहाचं आधण चढवून बसली आणि संध्याकाळी ते ओतून दिलं. माणसं विसरली, असंच तिला वाटलं. म्हातारं झालं की विसरतात, काय करायचं. आणि आज कळतं की विसरली नव्हती. तिला पोचवून मोकळी झाली होती.

"धाकू, रामा, सगळ्यांका असांच सांगितल्यान?"

"थंय जेवूक गेले ते सगळे. त्यांणी बाकीच्यांका."

मावशी रडली नाही. तिने सुंगटांचं तिखलं केलं, बाबलीला पोटभर वाढलं आणि तो गेल्यावर ट्रंकेतलं निळं लुगडं काढून उशाखाली घडी घालून ठेवलं.

ही बाई कोण, हे सांगायला हवं. गोवा मुक्त होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा सावंतवाडीकडून लग्न होऊन डिचोलीत आली. नवरा जयराम खाणीवर खनिज भरायच्या कामाला. तिसऱ्या वर्षी मातीचा ढीग ढासळला आणि तो त्याच्याखाली गेला. ही तेवीस वर्षांची, पोटी मूल नाही, माहेरी परत न्यायला कोणी आलं नाही. तिने पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली. पहिल्या दिवशी सात ड्रायव्हर जेवले. पाच वर्षांत सत्तर जेवायला लागले.

तिची जीभ म्हणजे सुरी. ड्रायव्हर यायचे ते लाल धुळीने माखलेले, केसांपासून नखांपर्यंत. "हात धुवन ये मेल्या, माती खावची तर खाणीरच खा," अशी सुरुवात व्हायची. पानावर भात टाकलेला तिला खपत नसे. भात संपेपर्यंत उठू द्यायची नाही, मग बाहेर ट्रकच्या मालकाने कितीही हॉर्न मारू देत. पण एक होतं. शिवी दिली की तिच्या पाठोपाठ माशाची तुकडी यायची. ज्याला जास्त शिव्या, त्याला मोठी तुकडी. ज्याच्या घरी काही बिनसलेलं असे, ज्याचा तान्हा दवाखान्यात असे, त्याला मावशी हटकून सगळ्यांदेखत फैलावर घ्यायची, आणि सगळ्यांना कळायचं की आज विसवणाचा, म्हणजे सुरमईचा, मधला तुकडा कोणाच्या पानात पडणार.

कृष्णनाथ तिच्या बहिणीचा मुलगा. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता. मावशीने आणला, वाढवला, शिकवला, हॉटेलच्या कोर्सला घातला, सुमनशी लग्न लावून दिलं. खाणी बंद झाल्यावर तो पेडण्याकडे गेला. जाऊ दे, तरणा माणूस, पोट तर भरायला हवं. पुढे मावशी न्हाणीत घसरली, कमरेचं हाड मोडलं, म्हापशाला ऑपरेशन झालं. कृष्णनाथ फोनवर म्हणाला, "मावशे, सीझन आसा गो." सीझन. त्यानंतर त्याचा फोन नाही आणि हिचाही नाही. एवढं मावशीने गिळलं होतं. पण जिवंतपणी हार? आणि वर मांडीवर डोकं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ते लुगडं नेसून, काठी घेऊन निघाली. म्हापशाला बस बदलली, पेडण्याला बदलली. बसभर तिच्या मनात एकच होतं. तो हार त्याच्याच हाताने उतरवून घ्यायचा आणि मी जिवंत आहे हे त्याच्याच तोंडून चारचौघांत वदवून घ्यायचं. त्याशिवाय डिचोलीला परत जायचं नाही.

हॉटेल बघून क्षणभर तीसुद्धा चक्रावली. पत्र्याची शेड तशीच्या तशी, फक्त पत्रा नवा आणि त्याला गंज रंगाने काढलेला. भिंतीवर ट्रकची स्टिअरिंगं, नंबरप्लेटी. बाकं ट्रकच्या फळ्यांची. दारात दोन पोरी लुगडी नेसून उभ्या. आलेल्या गिऱ्हाइकाच्या हाताला त्या लाल पूड फासायच्या आणि लगेच ओरडायच्या, "हात धुवन ये मेल्या, माती खावची तर खाणीरच खा." गिऱ्हाइकं खूश. पणजीचे साहेब, पुण्याची कुटुंबं, मोबाइल वर धरून हात धुवायला जात होती.

मावशीच्या हातालाही पूड लागली. तिने हात धुतले.

आत सगळ्यांत पुढे होती भाग्यलक्ष्मी, पेडण्याचीच पोर, वीस-बावीसची, जिभेची तल्लख. ती मावशीचं सोंग करायची. कमरेवर हात, आवाज तोच, मान तशीच वाकडी. एका ढेरपोट्या गृहस्थाला म्हणाली, "बायलेन घरात रांदूक ना मरे, म्हणान हंय इलंस?" सगळं हॉटेल हसलं. कोणी भात टाकला की ती पानापाशी उभी राहून त्याची खरडपट्टी काढायची. मावशी कोपऱ्यातल्या बाकावरून बघत होती. पोरगी गुणी होती, ते नाकारता येत नव्हतं. पण शिवीच्या पाठोपाठ तुकडी कोणाच्याच पानात पडत नव्हती. शिवी नुसतीच येत होती आणि लोक हसत होते. शिवाय त्या पोरीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. मावशीने तेविसाव्या वर्षानंतर यातलं काही लावलं नव्हतं.

"निदान सवाष्ण करून तरी मारल्यान," ती स्वतःशी पुटपुटली. आणि तिचं काळीज असं काही जळालं म्हणता, की ऑपरेशनची कळ त्यापुढे काहीच नव्हे.

साडेबाराला ट्रकचा हॉर्न वाजला. सगळे गप्प झाले. ही इथली रोजची रीत. भाग्यलक्ष्मीने केळीचं पान आणलं, फोटोखालच्या पाटापुढे मांडलं, भात, माशाचं हुमण, तळलेला बांगडा, सोलकढी असं साग्रसंगीत वाढलं. मग हात जोडून हाक मारली, "मावशे, जेवूक ये गो. पयलां पान तुझां." यानंतर दुसऱ्या पोरीने आतून मावशीच्या आवाजात ओरडायचं, की लोकांनी हसायचं आणि जेवायला सुरुवात करायची.

त्या दिवशी आवाज आतून आला नाही. कोपऱ्यातून आला.

"इलंय."

मावशी काठी टेकत पुढे आली, पाटावर टेकली, पाण्याचं बोट पानाभोवती फिरवलं आणि जेवायला लागली. भाग्यलक्ष्मीने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं. तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

मावशीने हुमणाचा घास घेतला आणि तोंडातून एक काळं बी काढून पानाच्या कडेला ठेवलं. मग दुसरं.

"तिरफळां बियेसकट घातलास? बी काढून टाकतत, साल घालतत. दातांत रेव येता ती खंयची? हुमण रांदलास की खाण खणलास?"

हॉटेल हसून हसून लोळलं. टाळ्या पडल्या. मावशी उठली आणि लोकांकडे वळली. "हसू नकात. हो फोटो माझो. मी पद्मावती. मी मरूक नाय. ह्या मेल्यान माका जिवंतपणी मारल्यान." ती हे बोलली आणि टाळ्या दुप्पट झाल्या. कोणी शिटी मारली. पुढच्या बाकावरची बाई म्हणाली, "ही म्हातारी सगळ्यांत भारी आहे हं." दहा मोबाइल तिच्यावर रोखले गेले.

मावशीला कळेना की आता करायचं काय. खरं बोललं की लोक टाळ्या वाजवतात, अशी जागा तिने कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात कृष्णनाथ आतून आला. तिला पाहून त्याचा रंग उडाला, पण धंद्यात मुरलेला माणूस, एका क्षणात सावरला. तिच्या खांद्यावर हात टाकला आणि लोकांना म्हणाला, "ही आमच्या मावशीची धाकटी बहीण. अगदी तिच्यासारखीच आहे. आज खास तुमच्यासाठी आली." आणि मग हळूच, तिच्या कानाशी, "आत चल मावशे, पायां पडतंय. मागसून बोलूया. तू रोज येवन हंय बस, लोक तुका डोक्यार घेतले."

धाकटी बहीण. आतापर्यंत मेलेली तरी होती. आता तीही राहिली नाही.

मावशीने त्याचा हात खांद्यावरून उचलला आणि बाजूला ठेवला. मग भाग्यलक्ष्मीकडे वळली.

"गो चेडवा, तो हार काड."

आवाजच असा होता की पोरीने मालकाकडे बघितलंसुद्धा नाही. स्टुलावर चढली, हार उतरवला, मावशीच्या हातात दिला. काउंटरच्या मागे कृष्णनाथचा फोटो होता. कोणा पुढाऱ्याच्या हातून बक्षीस घेतानाचा, सोनेरी चौकटीतला. मावशी काठी टेकत तिथवर गेली. हार त्या चौकटीला घातला. समई उचलून आणली, फोटोपुढे ठेवली आणि हात जोडून उभी राहिली.

टाळ्या वाजल्या नाहीत.

पुण्याची माणसं इकडेतिकडे बघू लागली, पण गोव्याच्या माणसांचे घास हातातच थांबले. मेलेल्याच्या फोटोवरचा हार जित्या माणसाच्या फोटोवर. एका म्हाताऱ्याने देवाचं नाव घेतलं आणि पानावरून उठला. काउंटरवरची त्याची बायको सुमन किंचाळली आणि हार ओढायला धावली. मावशीने काठी आडवी धरली.

"हात लावू नको. माका तेणां घातलो. हो तेणांच काढूचो. पण पयलां बोलांदे."

कृष्णनाथ फोटोकडे बघेना, मावशीकडे बघेना. सुमन रडत म्हणाली, "बोला हो, कायतरी बोला."

"ही माझी मावशी," तो म्हणाला.

"मोठ्यान. मागच्या बाकार ऐकूक येना."

"ही माझी मावशी. पद्मावती. ती गेलेली नाही. मी खोटं सांगितलं."

"मांडयेर डोकां?"

"तेही खोटं. ती आजारी होती तेव्हा मी बघायलाही गेलो नाही."

मावशीने मान हलवली. काठी बाजूला घेतली. कृष्णनाथने हार काढला, समई विझवली. त्याला वाटलं संपलं. तो तिच्या पाया पडायला वाकला, तर मावशी तिथे नव्हतीच. ती पाटावर जाऊन बसली होती आणि उरलेला भात कालवत होती. पानावर टाकायची तिची रीत नव्हती. बी काढत काढत, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत ती जेवली. सोलकढी प्याली. भाग्यलक्ष्मी न सांगता जवळ येऊन बसली होती. तिने कपाळावरचं कुंकू पदराने पुसलं होतं, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्या दहा-पंधरा मिनिटांत मोबाइल मात्र गप्प बसले नव्हते. हार घातलेला फोटो, पुढे पेटती समई, हात जोडलेली म्हातारी. कोणी गमतीने पाठवला, कोणी घाबरून पाठवला, आणि ज्यांना मिळाला त्यांनी काही न विचारता पुढे धाडला.

मावशी हात धुऊन निघाली. कृष्णनाथ दारापर्यंत मागे आला.

"मावशे, रागान जावू नको. माफ कर."

"मी जिती आसंय ह्या सांगूक माका तीन बसी धरूच्यो लागल्यो," मावशी म्हणाली. "तुका घरबसल्या सांगूक मेळतला."

तिने माफ केलं नाही. मनातही केलं नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक म्हणतात म्हातारी माणसं शेवटी विरघळतात. ती रस्ता ओलांडून बसची वाट बघत उभी राहिली. समोर हॉटेलच्या दारात कृष्णनाथचा फोन वाजत होता. त्याने तो कानाला लावला. मग सुमनचा वाजला, मग काउंटरवरचा. मावशीला एवढ्या लांबून सगळं ऐकू येत होतं.

"होय, कृष्णनाथच बोलतंय. नाय रे. नाय मरे, जितो आसंय मी."

पलीकडच्याला बहुतेक पटलं नसावं. कारण तो तेच पुन्हा, आणखी मोठ्याने सांगत होता.