सुतकात रंगवलेली बस्ती

निपाणीच्या पुढे आमचं गाव. गावातली दगडी बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर, किती जुनी आहे, हे तिच्या दारालगतच्या उंच शिलालेखावरूनच कळायचं. लेख जुन्या कन्नडमधला. माझे थोरले भाऊ, ज्यांना सारं गाव अण्णा म्हणे, ते निवृत्त झाल्यापासून तो एकेक अक्षर करून वहीत उतरवत होते. बस्तीचं छत गळायचं. दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळावं म्हणून त्यांनी कित्येक वर्षं बेळगावच्या खेपा घातल्या. पाहणीला पुरातत्त्व खात्याचे साहेब येत असल्याचं पत्र आलं, तेव्हा अण्णांना जाऊन तीन दिवस झाले होते.

पत्र मी बस्तीच्या पंचांच्या हातात दिलं. अण्णांच्या फाइलीत वरच्याच कागदावर लाल शाईनं लिहिलं होतं : ‘पाहणी होईपर्यंत भिंतींना कुणी हात लावू नये.’ ते मी वाचलं आणि फाइल मिटली. त्या दिवसांत कुणाशी बोलावंसंच वाटत नव्हतं. शिवाय सुतक असल्यामुळे मला बस्तीत पाऊल टाकता येत नव्हतं.

दहाव्या दिवशी गल्लीत रंगाचा वास आला. कुणाकडे तरी लग्न असेल, असं मला वाटलं.

सुतक फिटलं त्या सकाळी आंघोळ करून बस्तीला गेलो. पंच दारातच उभे होते.

“या आप्पा. वळखू येतीया का? नवरीगत दिसतीया का न्हाय?”

भिंती पिवळ्या, चौकट तपकिरी. सगळा ऑइल पेंट.

“हे कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“सांगाय कशाला पायजे? अण्णांनी हिच्यापायी जीव टाकला. सायेब येणार, आनि आमी भिंती काळ्याच ठिवायच्या व्हय?”

पेंटरही कौतुकानं पुढे आला. “दाराजवळचा दगड लई खरबडीत हुता, आप्पा. खड्डं लांबी-पुट्टी भरून बुजवलं. आता बघा हात लावून.”

मी हात फिरवला. एकही अक्षर बोटाला लागलं नाही.

साहेब आले. त्यांनी नखानं रंग खरवडून पाहिला. पंच चहासाठी आग्रह करत होते. मला बाजूला घेऊन साहेब हळू आवाजात म्हणाले, “हे काढायला गेलं तर दगडाचा पापुद्राच निघेल, सर. मूळ रूप जपण्यासाठी अनुदान असतं. आता मी काय लिहू?”

नकाराचं पत्र अण्णांच्याच नावानं आलं.

त्यांच्या वहीत लेखाच्या वरच्या दोन ओळींची जागा कोरी आहे. कामाला परांची बांधली की वर चढून वाचू, असं म्हणायचे.

यंदाही छत गळलं. बस्तीच्या कट्ट्यावर पंच अजून विचारतात, “आप्पा, आमच्यात काय कमी पडलं वं?” रंगासाठी गाठीचे पैसे काढून दिलेल्या म्हाताऱ्या शेजारीच बसलेल्या असतात.

“सरकारचं काय सांगावं,” मी म्हणतो.

“न्हायतर काय! कन्नड-मराठीच्या भांडणात आपली बस्ती कोण बघतंय?”

मी मान हलवतो. मग आत जाऊन भरलेलं घमेलं बाहेर ओततो आणि परत गळतीखाली सरकवून ठेवतो.