आनंदरावांचा बारीक लॅपटॉप

नागपुरातल्या आमच्या इंदोऱ्यात कोणाच्या मुलीचं शिक्षण संपलं किंवा कोणाच्या मुलाला नोकरी लागली, की आठवड्याच्या आत आनंदराव त्या घरी चहा प्यायला हजर. बोलवावं लागत नसे. पोस्टात असताना त्यांनी याच भागात टपाल वाटलं होतं. त्यामुळे कोणाचे सोयरे कुठले, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाचा मुलगा बापाला विचारल्याशिवाय पाणीही पीत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर टपालाच्या जागी बायोडाटा आले, एवढाच काय तो फरक.

आमचं मंडळ दरवर्षी बौद्ध उपवर-वधू परिचय मेळावा भरवतं. त्याची पुस्तिका काढायचं आणि मेळाव्यात पडद्यावर मुलामुलींची माहिती दाखवायचं काम आनंदरावांचं. मी सूत्रसंचालक. विमा कंपनीत दिवसभर कोणी माझं ऐकत नाही, म्हणून वर्षातून एकदा माइक मिळाला की मी सोडत नाही. पुस्तिकेच्या अर्जात पूर्वी ‘रंग’ आणि ‘बांधा’ असे दोन रकाने होते. आनंदरावांनी भर बैठकीत भांडून ते काढून टाकले आणि त्याऐवजी ‘मला काय आवडतं’ असा एक रकाना घातला. अध्यक्ष म्हणाले, लोक विचारतात हो. हे म्हणाले, विचारणाऱ्यांनी घरी आरशाला विचारावं, आपली पुस्तिका त्यासाठी नाही. असा माणूस. म्हणूनच पुढचं सगळं सांगताना मला जड जातं.

त्यांचा जुना लॅपटॉप जावयाने टाकून दिलेला होता. जाडजूड, काळा, उघडताना कुरकुरणारा. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे कोणाच्याही घरी गेलं की जय भीम म्हणून झाल्यावर यांचा पहिला प्रश्न, प्लग कुठे आहे? पण एकदा वीज मिळाली की तो गडी कधी अडला नाही. शेकडो फोटो, बायोडाटे, मेळाव्याचे व्हिडिओ, सगळं पोटात घेऊन मुकाट काम करायचा.

एकदा आम्ही विहंग नावाच्या मुलाच्या घरी गेलो होतो. मुलगा पुण्याला मोठ्या नोकरीत, सुट्टीवर आलेला. प्लग सोफ्याच्या मागे निघाला. त्याच्या वडिलांना आणि मला मिळून सोफा सरकवावा लागला. लॅपटॉप सुरू व्हायला वेळ घेत होता तेव्हा विहंग हसून म्हणाला, काका, याला धक्का मारावा लागतो का? घरातले सगळे हसले. आनंदरावही हसले. मुलगा वाईट नव्हता, थट्टाच केली होती. पण परत आल्यावर घरापाशी माझ्या स्कूटरवरून उतरताना आनंदराव म्हणाले, “आपल्याले पाहून लोक आपल्या पोरींची किंमत करतात, धम्मानंद.” मला वाटलं, रागात बोलले, सकाळी विसरतील.

विसरले नाहीत. पुढच्याच रविवारी मला घेऊन सीताबर्डीच्या एका दुकानात गेले. दुकानात मिनल नावाची मुलगी होती. तिने नीट विचारलं, काम काय करता? यांनी सांगितलं, फोटो, बायोडाटे, मेळाव्यात पडद्यावर दाखवणं. तिने एक मध्यम जाडीचा लॅपटॉप पुढे केला. आनंदरावांनी तो उचलला आणि लगेच खाली ठेवला. त्यांची नजर शेजारच्या चंदेरी, कागदासारख्या बारीक लॅपटॉपवर खिळली होती. मिनल म्हणाली, हा दिसायला छान आहे पण मेमरी कमी आहे, पुढे वाढवताही येत नाही, थोडंफार लिहिणं-वाचणं असेल तर ठीक, तुमच्या कामाला रडवेल. ती बिचारी स्वभाव सांगत होती आणि आमचे आनंदराव रूप पाहत होते. दोन बोटांत धरून त्यांनी तो उचलला, आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. मी म्हटलं, काका, घरी विचारून कळवतो म्हणा. त्यांनी ऐकलं नाही. पसंती झाली होती.

त्या आठवड्यात विहारात वंदना झाल्यावर त्यांनी तो तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. बायाबापड्यांनी हात लावून पाहिला. लोकांनी त्यांचं कौतुक केलं, आणि तिथेच ते अडकले.

कारण लॅपटॉप अगदी मिनलने सांगितला तसाच निघाला. नवाकोरा, पण कामाच्या नावाने बोंब. पुस्तिकेची फाइल उघडायला लावून आनंदराव अंघोळ करून येत, तरी पांढरा पडदा तसाच. टाइप करत तर बोटं पुढे आणि अक्षरं मागे. एका वेळी चार फोटो उघडले की तापायचा, मांडीवर ठेवायची सोय नाही. बाजूला एकच बारीकसं छिद्र, त्याला पडद्याची वायर लावायची तर वेगळा तुकडा जोडावा लागे. दुकानात जाऊन विचारायचं तर मिनलच्या तोंडाकडे पाहावं लागणार. विहारात सांगायचं तर कौतुक केलेल्या लोकांना काय म्हणणार? मग त्यांनी एक युक्ती काढली. घरी दार लावून जुन्या लॅपटॉपवर काम करायचं आणि लोकांकडे जाताना नवा न्यायचा. पाहुण्यांच्या बैठकीत तो हळूच उघडायचा, समोर ठेवायचा आणि बायोडाटा मात्र पिशवीतून छापील कागद काढून दाखवायचा.

ही युक्ती मला त्यांच्या बायकोकडून, अंजनाबाईंकडून कळली. त्या भाजी निवडत होत्या, आनंदराव शेजारीच बसले होते. त्यांच्यादेखत म्हणाल्या, “आमच्या घरी आता दोन आहेत. नवा दाखवाले अन् जुना राबाले.” मी हसलो. आनंदरावांचे कान लाल झाले आणि ते उठून आत गेले. तेव्हा मला कळलं की हा माणूस खरोखर लाजून राहिला आहे. थट्टा करायची नाही असं मी ठरवलं आणि पुढचे काही दिवस पाळलंही.

आता प्रीतीचं सांगतो, कारण खरं सांगायचं आहे ते तिचंच.

प्रीती मूळची उमरेडची, धंतोलीच्या एका दवाखान्यात डायलिसिसच्या विभागात नर्स. तिशी ओलांडलेली. अंगाने भरलेली. आई तिचा बायोडाटा घेऊन बसने नागपूरला यायची आणि आनंदरावांकडे ठेवून जायची. शिक्षण, नोकरी, घरदार, सगळं पाहून लोक हो म्हणत, मग बघायला येत आणि मग फोन करत नसत. असं इतक्यांदा झालं की प्रीतीने आईला सांगून टाकलं, आता माझं प्रदर्शन नको. मेळाव्यात स्टेजवर तर मी मेली तरी चढणार नाही.

आनंदरावांनी तिला भेटून समजावलं. त्या वर्षी त्यांनी एक नवीन पद्धत काढली होती. मुलामुलींनी मोबाइलवर आपली ओळख स्वतःच्या शब्दांत सांगायची, ती पडद्यावर दाखवायची. माइकसमोर अडखळायला नको, लोक आधी ऐकतील आणि मग पाहतील. त्यांनी प्रीतीला शब्द दिला की लोकांना हसू येईल ते तुझ्या बोलण्यावर येईल, तुझ्यावर नाही. तिने खूप दिवसांनी व्हिडिओ पाठवला. त्यात ती म्हणते, आमचे पेशंट वर्षानुवर्षं तेच असतात, त्यामुळे कोणाची म्हैस व्याली आणि कोणाची सून रुसली हे मला डॉक्टरांच्या आधी कळतं. मी दिवसभर बोलते, घरी जाऊनही बोलते. ज्याला शांत घर पाहिजे त्याने कृपया माझा विचार करू नये. आनंदरावांनी तो मला जुन्या लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा दाखवला आणि दर वेळी ते मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, हे पोरगी यंदा सासरी जाते पाहा.

मेळाव्याला सभागृह भरून गेलं होतं. बुटीबोरी, भंडारा, वर्धा, सगळीकडून लोक आलेले. पहिल्या रांगेत विहंगचे वडील. त्रिसरण-पंचशील झालं. स्टेजच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशा टेबलावर, चंदेरी लॅपटॉप उघडा ठेवलेला. मी विचारलं, जुना आणला का सोबत? ते म्हणाले, घरी आहे, आज त्याचं काय काम? सकाळीच सगळे व्हिडिओ नव्यात टाकले होते. चालवून पाहिले नव्हते.

पहिल्या काही जणांचे व्हिडिओ अडखळत का होईना, निभावले. मधे पडदा थांबला की मी शेर टाकून वेळ मारून नेत होतो. मग मी प्रीतीचं नाव पुकारलं. निळी साडी नेसून ती स्टेजवर आली आणि पडद्याच्या बाजूला उभी राहिली. आई समोर बसलेली. पडद्यावर प्रीती दिसली, म्हणाली, “जय भीम, मी प्री...” आणि थांबली. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं, गाल फुगलेले, असा तिचा चेहरा भिंतीएवढा होऊन तसाच राहिला. आवाज तेवढा तुटत तुटत येत होता, प्री, प्री, प्री. आनंदराव बटणं दाबत होते. काही हलेना. आधी कुजबुज झाली, मग मागून हसू आलं. मला एकही शेर आठवला नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “मशीनलेही वजन झेपून नाही राहिलं, बाप्पा.” सगळं सभागृह हसलं.

आनंदरावांनी माझ्या हातातला माइक घेतला. पहिल्या रांगेकडे पाहिलं. म्हणाले, “माफ करा, उमेदवाराकडून फाइलच खराब आलेली आहे.”

प्रीतीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग समोर हात जोडले आणि खाली उतरून आईला घेऊन निघून गेली. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. पुढच्या सगळ्यांचे नुसते फोटो दाखवले. मेळावा वेळेत संपला, जेवण छान झालं, लोकांनी आयोजकांचे आभार मानले.

खुर्च्या उचलताना आनंदराव माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, फाइल चांगली होती. मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा इतका राग आला की मी त्यांच्याशी न बोलता निघून आलो. स्वतःच्या लॅपटॉपची लाज झाकायला यांनी त्या मुलीला पुढे केलं. कितीही मोठा माणूस असो, हे क्षमा करण्यासारखं नाही, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

त्यानंतर ते विहारात आले नाहीत. अंजनाबाईंनी निरोप पाठवला, धड जेवत नाहीत, तुम्ही एकदा येऊन जा. मी गेलो तर कपडे घालून तयार बसलेले. म्हणाले, मले धंतोलीले घेऊन चाल.

दवाखान्याच्या खालच्या चहाच्या टपरीवर प्रीती आली. तिने आम्हाला बसायला सांगितलं, चहा सांगितला, काकूंची तब्येत विचारली. आनंदरावांनी चहाला हात लावला नाही. मान खाली घालून म्हणाले, “प्रीती, तुझी फाइल चांगली होती. माझा लॅपटॉप खराब आहे. मी खोटं बोललो.”

“मले माहीत आहे, काका,” ती म्हणाली. “मी घरी आईले तोच व्हिडिओ दाखवून आली होती.”

आनंदराव म्हणाले, माफ कर. तिने त्यांचा चहा त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, “लोक हसले त्याचं मले नवीन नाही. तुम्ही बोलले, ते नवीन होतं.” वरून तिला कोणीतरी हाक मारली. ती उठली. “अन् हे मले काहून सांगून राहिले, काका? ज्याईले माहीत नाही त्याईले सांगा.”

घरी परत येईपर्यंत आनंदरावांनी ठरवलं होतं. मेळाव्याला मुलाकडचे जे जे आले होते, त्या सगळ्यांना फोन करून खरं सांगायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या घरी आले, एकट्याने फोन करवत नव्हता म्हणून. काय बोलायचं ते त्यांनी मला आधी म्हणून दाखवलं. मी म्हटलं, ठीक आहे. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

पहिला फोन बुटीबोरीच्या एका गृहस्थांना. आनंदराव म्हणाले, मेळाव्यात प्रीतीची फाइल खराब आहे असं मी म्हणालो, ते खोटं होतं, त्याबद्दल फोन केला.

“कोणती प्रीती?” पलीकडून आवाज आला.

आनंदराव म्हणाले, नर्स आहे, डायलिसिसला. गृहस्थांना आठवेना. उमरेडची, म्हणाले. तरी नाही. लय बोलकी आहे, हसरी आहे, निळी साडी होती. पलीकडचे गृहस्थ विचार करत राहिले. मग एकदम म्हणाले, “ते जाडी पोट्टी का?”

आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मागून मला त्यांचा आवाज ऐकू आला, “हाव, तेच.”

मग त्यांनी ठरवलेलं सगळं नीट सांगितलं. गृहस्थ म्हणाले, अहो त्यात काय एवढं, मशीन आहे, होतं कधी कधी. आणि एखादी इंजिनिअर मुलगी असेल तर कळवा म्हणाले. फोन बंद झाला.

“मी हाव म्हटलं, गा,” आनंदराव म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले आणि पुढच्या घरचा नंबर लावला.